सिग्नलला गाडी बंद पडते म्हणून ऑइल वाढवू नका

जुन्या गाड्या वापरणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला पुन्हा पुन्हा फिरतोय. थोडक्यात तो असा: गाडी पंधरा वर्षांच्या पुढची असेल आणि सिग्नलला थरथरत असेल किंवा बंद पडत असेल, तर इंजिन कोरडं चाललंय असं समजा. डिपस्टिकच्या, म्हणजे ऑइलची पातळी बघायच्या काठीच्या, वरच्या खुणेपेक्षा एक बोट वर ऑइल भरा, आणि तेही जाड. लाल दिवा लागत नाही तोवर निर्धास्त राहा. ऑइल काळं दिसलं की बदला. लोक हे मनापासून करतात आणि चांगल्या चालणाऱ्या इंजिनांचं वाटोळं होतं, म्हणून एकेका गोष्टीचं उत्तर देतो.

ऑइल कमी झालं की आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनचं हळू चालणं) बिघडतं, हे मारुती ८००, झेन, पद्मिनी यांसारख्या गाड्यांना लागूच होत नाही. ऑइल पंपाची जाळी चेंबरच्या, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, तळाशी बुडालेली असते. पातळी खालच्या खुणेवर असो की वरच्या, पंपाला मिळायचं तेवढं ऑइल मिळतंच. आयडलिंग ठरतं हवा, पेट्रोल आणि ठिणगी यांवर. पातळी खुणेच्याही खूप खाली गेली आणि पंप हवा ओढू लागला, तर आधी टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) वाजतील, बेअरिंग जातील. सिग्नलला बंद पडणं ही तेव्हा किरकोळ तक्रार ठरेल. नंतर आलेल्या, ऑइलच्या दाबावर कॅमचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं) टायमिंग बदलणाऱ्या इंजिनांत मात्र कमी ऑइलने आयडल डगमगू शकतं. पण तिथेही उपाय खुणेपर्यंत भरण्याचाच आहे.

सगळ्यात घातक आहे ते 'एक बोट वर'. छोट्या गाड्यांत दोन खुणांमधलं अंतर साधारण पाऊण ते एक लिटरचं असतं. म्हणजे एक बोट वर गेलात की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त ऑइल फाजील झालं, आणि तेही जेमतेम तीन लिटर ऑइल मावणाऱ्या इंजिनात. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनचा मुख्य फिरता दांडा, तीन हजार आरपीएमला सेकंदाला पन्नास फेरे घेतो. त्याचे वजनी भाग ऑइलला लागू लागले की ताक घुसळल्यासारखा फेस होतो. पंप मग ऑइलऐवजी फेस ढकलतो आणि बेअरिंगवरचा थर तुटतो. म्हणजे ऑइल जास्त असूनही इंजिन उपाशी.

तेवढ्यावर भागत नाही. उडालेलं ऑइल ब्रीदरच्या (इंजिनच्या आतली वाफ बाहेर नेणाऱ्या) पाइपातून एअर फिल्टरकडे आणि इनटेककडे ओढलं जातं. पेट्रोल गाडीत प्लग ऑइलने माखतात, सायलेन्सरमधून निळा धूर येतो आणि आयडलला मिसिंग (इंजिनचे ठोके चुकणं) सुरू होतं. ज्या दुखण्यासाठी ऑइल ओतलं, तेच दुखणं वाढलेलं असतं. आणि मालक समजतो, पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन काम निघालं. जुन्या टर्बो डिझेल गाडीत धोका याहून मोठा. ब्रीदरमधून आलेलं ऑइलच इंजिन इंधन म्हणून जाळू लागतं, आरपीएम आपोआप चढत जातात आणि चावी काढली तरी इंजिन थांबत नाही. पातळी खुणेच्या दोन-चार मिलिमीटर वर गेली म्हणून घाबरायचं कारण नाही, पण मुद्दाम भरणं वेगळं.

जाड ऑइलबद्दल सल्ल्यात थोडं तथ्य आहे. झिजलेलं इंजिन ऑइल खात असेल तर मॅन्युअलमधल्या तक्त्यात बसणारी एक पायरी जाड ग्रेड, म्हणजे २०डब्ल्यू-४० ऐवजी २०डब्ल्यू-५०, वापरून खाणं कमी होऊ शकतं. आयडलिंग मात्र त्याने सुधारत नाही. उलट नाशिककडच्या थंडीत सकाळी जाड ऑइल इंजिनच्या वरच्या भागापर्यंत, हेडपर्यंत, उशिरा पोचतं आणि इंजिन गरम होईपर्यंत जडच फिरतं.

लाल दिवा पातळी दाखवत नाही, तो दाब दाखवतो. तो पेटतो तेव्हा दाब पार तळाला गेलेला असतो. घाटाच्या वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर तो क्षणभर लुकलुकला तर पातळी आधीच फार खाली गेली आहे. त्याच्या भरवशावर बसू नका, काठी काढून बघा.

काळ्या रंगाचं म्हणाल, तर चांगल्या ऑइलचं कामच काजळी धरून ठेवायचं असतं. डिझेलमध्ये ते बदलल्यावर लगेच काळं होतं. किलोमीटर आणि महिने बघून बदला.

ऑइल आणि आयडलिंग यांचा खरा संबंध वेगळ्याच दोन ठिकाणी लागतो आणि फिरत्या सल्ल्यात नेमकं तेच नाही. पहिला, न भरता वाढणारी पातळी. कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या जुन्या पद्धतीच्या) गाडीत मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल चेंबरमध्ये उतरतं. काठीवरचं ऑइल पाण्यासारखं पातळ लागतं, नाकाशी धरलं की पेट्रोलचा वास येतो आणि गाडी सिग्नलला गटांगळ्या खाते. अशा वेळी आणखी ऑइल ओतणं म्हणजे इंजिनची माती करणं. पडदा बदलून ऑइल पूर्ण बदला, तोवर गाडी चालवू नका. ऑइल दुधाळ होऊन पातळी वाढली असेल तर हेड गॅस्केट तपासा. फक्त झाकणाच्या आत थोडी पिवळट साय असेल आणि गाडी रोज जवळपासच फिरत असेल, तर ती बहुधा पावसाळी दमट हवेची असते.

दुसरा संबंध हवेचा. ऑइलच्या झाकणाचं रबर कडक झालं, डिपस्टिक पूर्ण बसली नाही किंवा ब्रीदरचा पाइप वाकतो तिथे आतल्या बाजूने चिरला, की इंजिन तिथून चोरून हवा ओढतं. एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या, गाडीत तेवढ्याने आयडल वरखाली होतं. आयडल चालू ठेवून पाइप बोटांनी दाबून बघा. आवाज बदलला तर चीर सापडली. मॅनिफोल्डला (इंजिनमध्ये हवा वाटणाऱ्या नळ्यांना) जाणाऱ्या बाकीच्या बारीक पाइपांचंही तसंच बघा. मग कार्ब्युरेटरचा स्लो जेट (आयडलला पेट्रोल देणारं बारीक छिद्र) किंवा थ्रॉटल बॉडीवरचा (हवेच्या झडपेवरचा) कार्बन, प्लग, टॅपेट बघा. 'स्लो (आयडलचा वेग) वाढवून देतो' म्हणत स्क्रू पिळणाऱ्याला आधी हे सगळं बघायला लावा.

पातळी बघताना गाडी सपाट जागेवर हवी. गरम इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, काठी पुसा, पूर्ण आत घाला, मग वाचा. कमी असेल तर पाव-पाव लिटर ओता आणि दर वेळी पुन्हा बघा. आधीच जास्त भरलं असेल तर गाडी सुरू न करता काठीच्या नळीतून बारीक पाइप घालून मोठ्या सिरिंजने ते ओढून घ्या. काढलेलं ऑइल गटारात न टाकता गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या ड्रममध्ये द्या.