तोंड सोडणाऱ्या पॅनलसमोर बसायचं की उठायचं?

विषय वैभवने काढला. मुलाखत घेणारा माणूसच उद्धटपणे बोलायला लागला तर उमेदवाराने काय करायचं? ऐकून घ्यायचं, सुनवायचं की उठून यायचं?

"उठायचं. दुसरं काय?" शुभांगीने एका वाक्यात निकाल लावला. ती चाकणच्या एका कारखान्यात एचआर बघते. "नोकरी देणार म्हणून वाटेल ते बोलायचा परवाना मिळत नाही कुणाला."

मकरंदला हे पटलं नाही. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि पॅनलवर नेहमी बसतो. "उठायच्या आधी समोर कोण बसलंय ते तर बघ. एचआर आहे, होणारा मॅनेजर आहे, टीममधला सीनियर आहे की बाहेरच्या एजन्सीने बसवलेला माणूस आहे? पहिला टेक्निकल राउंड बऱ्याच कंपन्या बाहेरून करून घेतात. त्या माणसाला मुलाखतीमागे पैसे मिळतात, तो तुला पुन्हा कधी दिसणारही नाही. तो खेकसला तर त्यावरून कंपनी कशी आहे ते कळत नाही. पण ज्याच्या हाताखाली काम करायचंय तोच खेकसला, तर पुढे रोज काय ऐकावं लागणार ते तिथेच कळलं."

"ओळखायचं कसं?" वैभवने विचारलं.

"कॅलेंडर इन्व्हाइटमधला मेल आयडी बघायचा. कंपनीच्या डोमेनचा आहे की दुसऱ्याच? आणि सुरुवातीलाच सरळ विचारायचं, 'सर, आपण कोणत्या टीममध्ये आहात?' यात आगाऊपणा काही नाही. उत्तरावरून निम्मा उलगडा होतो."

उद्धटपणा येतो कुठून, यावर मकरंद बराच वेळ बोलला. शनिवारच्या भरती ड्राइव्हला पॅनलवाल्याला सकाळपासून ओळीने उमेदवार दिलेले असतात. सीव्ही आधी वाचलेला नसतो, तो उमेदवार समोर बसल्यावर उघडतात. आठवड्याचं काम अंगावर असतं आणि सुट्टी गेलेली असते. दुपारनंतर हा माणूस चिडका होतो आणि उमेदवाराला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. म्हणून स्लॉट निवडायला मिळाला तर सकाळचा घ्यावा. सीव्हीच्या तीन छापील प्रती जवळ ठेवाव्यात आणि बसताच एक पुढे सरकवावी. "स्वतःबद्दल सांगा" म्हटल्यावर शाळेपासून सुरुवात न करता सध्याचं काम, त्यातलं एक ठळक यश आणि या जागेशी त्याचा संबंध, एवढं दीड मिनिटात सांगून थांबावं. सीव्ही न वाचलेल्या माणसाला पुढचे प्रश्न तिथूनच सापडतात आणि त्याची चिडचिड खरंच कमी होते.

"म्हणजे त्यांच्या थकव्याची सोय उमेदवाराने करायची," शुभांगी म्हणाली. "सीव्ही न वाचता बसणं ही पॅनलची चूक आहे. ती आधी मान्य कर, मग पुढे बोल."

मकरंदने मान्य केली. पुढे जे ठरलं त्यावर मात्र दोघांचं एकमत होतं. पॅनलच्या बोलण्यात प्रश्न किती आणि टोमणा किती, हे वेगळं करायचं. "चार वर्षं काय केलंत, एवढी साधी क्वेरी येत नाही?" यात प्रश्न क्वेरीचा, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायच्या आदेशाचा, आहे. तेवढाच उचलायचा. "लेफ्ट जॉइन बरोबर आहे, पण उजव्या टेबलवरची अट मी व्हेअरमध्ये लिहिली, त्यामुळे ऑर्डर नसलेले ग्राहक गळले. ती अट ऑनमध्ये हलवतो." चार वर्षांचा हिशेब द्यायचाच नाही. द्यायला गेलं की आवाज चढतो, वाक्यं लांबतात, सफाई देणं सुरू होतं आणि क्वेरी तशीच चुकलेली राहते. मुलाखतीनंतर पॅनल फॉर्म भरतं. "क्वेरी चुकली, स्वतः शोधून दुरुस्त केली" असं त्यात लिहून येणं आणि "वाद घालतो" असं लिहून येणं, यात नोकरीएवढा फरक आहे.

"पण त्या क्षणी डोकं गरम झालेलं असतं, त्याचं काय?" वैभव म्हणाला.

यावर अण्णा बोलले. ते स्पर्धा परीक्षांच्या मुलांच्या सराव मुलाखती घेतात. "अरे, पाण्याचा ग्लास कशासाठी असतो? एक घोट घ्यायचा. दोन-तीन सेकंद हक्काचे मिळतात. श्वास सावकाश सोडायचा, मग पहिलं वाक्य. आणि त्या पहिल्या वाक्यातच उत्तर हवं, कारण चिडलेला माणूस दुसऱ्या वाक्याला तोडतो. ऑनलाइन असेल तर गप्प बसू नका, समोरच्याला वाटतं नेट गेलं. 'विचार करून सांगतो' असं बोलून मग थांबा."

मधेच तोडणाऱ्यांबद्दल मकरंदने भर घातली. दोनदा तोडलं तर तोडू द्यावं. तिसऱ्यांदा म्हणावं, "सर, दोन वाक्यांत संपवतो, मग तुमचा मुद्दा घेतो." आणि खरोखर दोनच वाक्यांत संपवावं. समोरचा फोनमध्ये डोकं घालून बसला असेल तर बोलणं थांबवावं आणि साध्या आवाजात विचारावं, "तुम्हाला फोन बघायचा असेल तर मी थांबतो." आवाजात खोच आली की हे वाक्य फसतं. ऑनलाइन मुलाखतीला पॅनल आलंच नाही तर पंधरा मिनिटं वाट बघून रिक्रूटरला लेखी कळवावं: ११ ची वेळ होती, ११.१५ पर्यंत लिंकवर आहे, पुढे काय करू? सोबत स्क्रीनशॉट जोडावा. नाहीतर दांडी पॅनलने मारायची आणि "उमेदवार आला नाही" अशी नोंद आपल्या नावावर पडायची.

अण्णांचं म्हणणं होतं की स्पर्धा परीक्षांच्या मुलाखत बोर्डासमोरचा कडकपणा आणि कंपनीतला उद्धटपणा एका तागडीत घालू नये. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेचे १७५० आणि मुलाखतीचे २७५ असे २०२५ गुण असतात. राज्यसेवेच्या नव्या वर्णनात्मक स्वरूपातही हीच विभागणी आहे. मुलाखत ही उलटतपासणी नसून नैसर्गिक पण हेतू धरून चाललेला संवाद आहे, असं यूपीएससीच्या नियमांतच लिहिलेलं आहे. तरी एखादा सदस्य मुद्दाम उलट बाजू घेतो आणि पोरं तो अपमान समजतात. "सदस्याने नवी माहिती दिली तर मत बदला आणि तसं बोला. 'हा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता, त्यामुळे माझं मत एवढ्यापुरतं बदलतो.' नुसता दाब वाढवला तर मत तेच ठेवा, कारण दुसऱ्या शब्दांत सांगा. येत नसेल तर 'माहीत नाही' म्हणा. थाप मारली की पुढचे तीन प्रश्न त्या थापेवरच येतात, आणि मग बोर्ड कडक होतं म्हणून ओरड."

"बोर्डाचं ठीक आहे, अण्णा," शुभांगी म्हणाली, "पण कंपन्यांनी त्यातून 'स्ट्रेस इंटरव्ह्यू' नावाची ढाल केली आहे. वाट्टेल ते बोलायचं आणि नंतर म्हणायचं, आम्ही ताण सहन होतो का ते बघत होतो!" तिची कसोटी अशी: ताणाचा प्रश्न त्या जागेच्या कामातून आलेला असतो. क्वालिटीच्या माणसाला "तुमच्या पार्टमुळे गाडी कंपनीची लाइन थांबली, त्यांचा मॅनेजर फोनवर शिव्या देतोय, बोला" असं दरडावून विचारलं तर चालेल. त्याला उत्तर आहे. संशयित माल ताबडतोब वेगळा काढायचा, त्यांच्या स्टोअरमधला, वाटेतला आणि आपल्या गोदामातला. जागेवर शंभर टक्के तपासणी लावायची, तपासलेल्या मालावर खूण करून लाइन सुरू करून द्यायची आणि मग एट-डी (तक्रार सोडवायची आठ टप्प्यांची पद्धत) उघडून मूळ कारणाकडे जायचं. असा प्रश्न विचारणारा उत्तर मिळालं की मवाळ होतो. "तुमच्या कॉलेजचं नाव कुणी ऐकलंय का?", "इंग्रजीचे असे हाल, आणि पगार एवढा हवा?" याने कोणतं कौशल्य मोजलं जातं? काही नाही.

इंग्रजीवरून हिणवलं जाण्याचा विषय मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना फार बोचतो. तिथे माफी मागत बसू नये, असं शुभांगीने बजावलं. "तांत्रिक भाग हिंदीत किंवा मराठीत सांगितला तर चालेल का?" असं एकदा विचारावं. नाही म्हणाले तर छोट्या वाक्यांत, कागदावर आकृती काढत इंग्रजीतच सांगावं. आकृती चालू असताना व्याकरणाकडे कुणाचं लक्ष जात नाही.

खरी खडाजंगी झाली ती खासगी प्रश्नांवर. लग्न कधी, मूल कधी, नवरा परवानगी देईल का.

मकरंदचा सल्ला होता की प्रश्नामागची काळजी ओळखून तिला उत्तर द्यावं: "शिफ्ट आणि प्रवासाबद्दल विचारत असाल तर माझी तयारी आहे."

"काळजी कसली, पैशांचा हिशेब असतो तो," शुभांगी उसळली. "२०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. पगार महिना २१,००० पर्यंत असेल आणि ईएसआयसी, म्हणजे कामगारांची सरकारी विमा योजना, लागू असेल तर ते पैसे ईएसआयसी देते. त्याच्या वर पगार गेला की मालकाच्या खिशातून जातात. म्हणून हा प्रश्न येतो. पण नोकरभरतीत बाई म्हणून भेदभाव करायचा नाही, हे १९७६ च्या समान वेतन कायद्यातही होतं आणि नंतरच्या वेतन संहितेतही आहे. मुलींनी हसून टाळायचं आणि विचारणाऱ्याने दर मुलाखतीत विचारत राहायचं, हे कुठवर चालणार?"

आडनावावरून "कुठले तुम्ही, कोणत्या समाजाचे?" हेही त्याच रांगेत आलं. सरकारी नोकरीपुरता राज्यघटनेच्या कलम १६(२) ने जात, धर्म, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव थेट नाकारला आहे. खासगी कंपनीला ते कलम लागू नाही, तरी प्रश्नाचा कामाशी संबंध तिथेही शून्यच.

शेवटी दोघं एका मध्यावर आले. पहिल्यांदा प्रश्न कामाकडे वळवायचा. दुसऱ्यांदा आला तर, "याचं उत्तर मी देणार नाही. कामाबद्दल जरूर विचारा." तिसऱ्यांदा, किंवा शिवी आली, शरीरावर शेरा आला तर पहिल्यांदाच, "आपण इथे थांबू या," म्हणून उठायचं. मूळ कागदपत्रं दिली असतील तर आधी ती परत घ्यायची, गेटच्या रजिस्टरवर निघायची वेळ टाकायची, रिसेप्शनवर कुणाशी काही बोलायचं नाही.

लैंगिक शेरा असेल तर तिथे कुणाच्या मर्जीचा प्रश्न राहत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यातली तक्रारदार स्त्री त्या कंपनीत नोकरीला असलीच पाहिजे असं नाही, मुलाखतीला आलेली मुलगीही तक्रार करू शकते. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते. त्याहून लहान ठिकाणासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. हे पुरेशा मुलींना माहीत नाही, आणि एचआरचे लोक आपण होऊन सांगत नाहीत, हे शुभांगीनेच स्पष्ट म्हटलं.

बाकीच्या उद्धटपणाबद्दल कळवावं का? मकरंदच्या मते नाही. रिक्रूटर कंपन्या बदलतात, उमेदवारांच्या नोंदी सिस्टीममध्ये राहतात, "तक्रारखोर" असा शिक्का पडतो. शुभांगीच्या मते कळवायलाच हवं, फक्त विशेषणं न लावता. घरी पोचताच वेळ, हुद्दे आणि जसेच्या तसे शब्द लिहून काढायचे आणि एका दिवसात रिक्रूटरला चार ओळी पाठवायच्या: "आज दुपारी ३ ची मुलाखत झाली. दुसऱ्या राउंडमध्ये माझ्या लग्नाबद्दल दोनदा विचारलं गेलं आणि 'तुमच्या कॉलेजची मुलं अशीच' असं म्हटलं गेलं. माझ्या निवडीचा निर्णय काहीही असो, हे आपल्याला माहीत असावं म्हणून कळवते आहे." "पॅनल उर्मट होतं" असं लिहिलं तर ते एक मत झालं, त्यावर आम्हाला काही करता येत नाही, ती म्हणाली. शब्द असले की पॅनलवाल्याला समोर बसवून विचारता येतं. एकाच माणसाबद्दल दोन-तीन मेल आले की त्याला पॅनलवर बसवणं अवघड होतं.

"आणि एवढं होऊन ऑफर आली तर?" वैभवने विचारलं. "घराचा हप्ता चालू असेल तर?"

आधी मॅनेजरशी आणि टीममधल्या एकाशी अर्धा तास बोलणं मागायचं, मकरंद म्हणाला. जागा नवी आहे की कुणी सोडून गेल्याने रिकामी झाली, टीम किती जणांची, वर्षभरात किती गेले, हे विचारायचं. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजायचं. "तुम्हाला एवढा पगार कोण देणार?" म्हणून आकडा खाली आणला असेल तर सीटीसीवर, म्हणजे कंपनी आपल्यावर करणार त्या एकूण वार्षिक खर्चावर, बोलूच नये. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा, म्हणजे साधारणपणे मूळ पगाराच्या १२ टक्के, आणि ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के धरलेले असतात. हातात किती पडणार त्याचा तक्ता मागायचा आणि तो सध्याच्या पगारपत्रकाशी ताडून बघायचा. सही-शिक्क्याचं पत्र आल्याशिवाय जुन्या ठिकाणी राजीनामा नाही. मूळ मार्कशीट ठेवून घेऊ म्हणाले किंवा डिपॉझिट मागितलं तर तिथेच नकार.

अण्णांनी हप्तेवाल्याची बाजू घेतली. "गरज असेल तर घ्यावी नोकरी, त्यात कमीपणा नाही. पण सही करण्याआधी दोन कलमं बघा. प्रोबेशनमध्ये नोटीस किती दिवसांची, आणि बाँड, म्हणजे मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायची अट, आहे का, असेल तर किती रकमेचा. नोटीस पंधरा दिवसांची आणि बाँड नसेल तर आत जाऊन दुसरी शोधता येते. तीन महिने आणि लाखाचा बाँड असेल तर अडकलात."

"मॅनेजरच तसा निघाला असेल तर पंधरा दिवसांच्या नोटिशीवरही नको," शुभांगी म्हणाली. मकरंद म्हणाला, ते ज्याचा हप्ता त्याने ठरवावं. यावर दोघांचं जमलं नाही.