काशीस जावे, नित्य वदावे

बारावीचा निकाल लागला की आमच्या सोसायटीच्या गेटवर एक प्रश्न येऊन उभा राहतो. पूर्वी तो "किती पडले?" असा असायचा. आता टक्के कोणी विचारत नाही, कारण ते सगळ्यांनाच नव्वदच्या घरात असतात. आता विचारतात, "मग, कुठं टाकणार?" कैरीचं लोणचं कुठल्या बरणीत टाकणार, असं विचारावं तसं. या प्रश्नाला "इथंच, बसनं जाता येईल अशा कॉलेजात" असं उत्तर एकदा देऊन बघा. समोरचा "वा, छान, घरचं जेवण मिळेल" म्हणेल आणि दहाव्याला भेटायला आल्यासारखा दोन मिनिटं थांबून निघून जाईल.

ती वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून हा सल्ला. लेकराला परराज्यातल्या सरकारी विद्यापीठात धाडा. खासगीत धाडलंत तर पैसा दिसतो, हुशारी दिसत नाही. परदेशात धाडायचं तर फ्लॅट गहाण पडतो. परराज्यातलं सरकारी हा मधला मार्ग आहे: फी लहानपणच्या स्कूलबसला लाजवेल इतकी कमी आणि निरोपाचा थाट मात्र विमानतळावरचा. आपल्या पूर्वजांना हे तंत्र केव्हाच उमगलं होतं. 'काशीस जावे, नित्य वदावे.' नीट वाचा. यात जाण्याला एक क्रियापद आहे, वदण्यालाही एक आहे, पण 'नित्य' हा शब्द वदण्याच्या वाट्याला आलाय.

या विषयात माझा अधिकार मामाचा आहे. एक भाची दिल्लीला आणि एक भाचा बनारसला मी स्वतः मार्गी लावला. दोघंही अजून माझ्याशी बोलतात.

पहिलं काम राज्य निवडण्याचं, आणि इथंच बरेच जण फसतात. कोल्हापूरकरांना वाटतं, बेळगाव सोयीचं पडेल. शंभर-सव्वाशे किलोमीटर, राज्य कर्नाटक, विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ तिथंच. पण मग "मुलगी परराज्यात असते" हे वाक्य चारचौघांत म्हणावं लागेल, आणि बेळगाव परराज्यात आहे हे कोल्हापूरकराच्या तोंडून वदवणं सुप्रीम कोर्टालाही अजून जमलेलं नाही. बडोदा घ्या. महाराजा सयाजीराव विद्यापीठ 1949 सालचं, म्हणजे पुणे विद्यापीठाच्याच वयाचं. हंसा मेहता तिथं कुलगुरू होत्या, तिथल्या ललित कला विभागाचं नाव साऱ्या देशात आहे. पण ते ज्यांच्या नावानं आहे ते सयाजीराव मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे, आणि गावात अजूनही कुणीतरी मराठीत "या, बसा" म्हणतं. इतक्या आपलेपणात एक्सपोजर कसं मिळणार? बडोदा बाद.

आणि नागपूरच्या फंदात तर पडूच नका. एनआयटी, म्हणजे केंद्राच्या इंजिनिअरिंग संस्था, त्यांत निम्म्या जागा त्या त्या राज्यातल्या मुलांना असतात. आपली एनआयटी नागपूरची, म्हणजे घरच्या कोट्यातून ती मिळायची शक्यता बरी असते. ही शक्यता तुमच्या योजनेला घातक आहे. पुण्याहून नागपूर सातशे किलोमीटर आणि हैदराबाद साडेपाचशेच्या आसपास हे खरं असलं, तरी सांगताना हैदराबाद लांब वाटतं. गेटवर अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत.

काही पालकांना इतकी घाई होते की ते अकरावीलाच पोराला राजस्थानात कोट्याला धाडतात. डॉक्टर व्हायचं असतं ना. महाराष्ट्रातल्या सरकारी मेडिकलच्या 85 टक्के जागा राज्याच्या असतात आणि त्यांची सर्वसाधारण अट अशी, की दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच पास व्हायला हवी. बारावी तिकडच्या शाळेतून दिली की उरले अखिल भारतीय 15 टक्के. म्हणजे मुलगा कोट्याला गेला आणि कोटा गेला. पण यात एक फायदा आहे: आता परराज्याशिवाय पर्यायच उरत नाही.

राज्य ठरलं की क्रमांक बघायचा. 2016 पासून केंद्र सरकार विद्यापीठं-कॉलेजांची एनआयआरएफ नावाची क्रमवारी लावतं. त्यात 'परसेप्शन', म्हणजे लोकांना काय वाटतं, यालाही गुण आहेत. लोक क्रमवारी बघून मत बनवतात, मग त्या मतावर क्रमवारी लागते. आमच्या पापड लाटणाऱ्या मंडळात अध्यक्षीणबाई अशाच निवडून येतात. त्याहून गंमत म्हणजे परराज्यांतून किती मुलं आली, याचेही विद्यापीठाला गुण मिळतात. तेव्हा तुम्ही क्रमांक बघून मुलाला पाठवता आणि तुमचा मुलगा गेल्यानं क्रमांक सुधारतो. हे कळल्यापासून मेहुण्यांची छाती दोन इंच फुगली आहे.

केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेचं नाव सीयूईटी. 2022 साली ती सुरू झाली. त्याआधी दिल्ली विद्यापीठात बारावीच्या टक्क्यांवर प्रवेश होता आणि 2021 साली काही कॉलेजांनी काही विषयांना पहिल्या यादीत शंभर टक्के मागितले होते. शंभर! म्हणजे देवानं उत्तरपत्रिका लिहिली तर त्याचं नाव यादीत, आणि एक गुण गेला तर दुसऱ्या यादीपर्यंत थांब बाबा. आता तसं नाही. आता तासाभरात पन्नास प्रश्न, बरोबरला पाच गुण, चुकलं की एक वजा. अभ्यासक्रम एनसीईआरटीचा, म्हणजे आपल्या बोर्डाची दोन वर्षं वाचलेली पुस्तकं रद्दीत द्यायला मोकळी. परीक्षा तेरा भाषांत देता येते आणि त्यात मराठीही आहे. जरूर मराठी निवडा. पुढे दिल्लीच्या वर्गात सर इंग्रजीत सुरू करून हिंदीत संपवतील, तेव्हा आपल्याला प्रश्न तरी मराठीत विचारले होते, हे समाधान राहील.

निकाल कधी लागेल ते मात्र विचारू नका. पहिल्या वर्षी तो सप्टेंबरात लागला होता. म्हणून गणितातल्यासारखा हातचा एक धरावा: इथल्या कॉलेजात जूनमध्येच प्रवेश घेऊन ठेवा, फी भरा, ओळखपत्रावर फोटो चिकटवा. दोन महिने पोरगी दोन विद्यापीठांची असते. सामाजिक दृष्ट्या हा सुवर्णकाळ, कारण गेटवर तुम्ही "अजून ठरवतोय" असं म्हणू शकता.

आता कागद. इथं मला जरा रेंगाळायचंय, कारण परराज्यातलं खरं शिक्षण इथंच होतं आणि ते फुकट असतं.

आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी. पोर्टलवर तीन रकाने: पहिलं नाव, मधलं नाव, शेवटचं नाव. गुणपत्रिका बघून भरलंत तर मुलीचं पहिलं नाव कुलकर्णी होतं. आधार बघून भरलंत तर 'नाव जुळत नाही' असा लाल शेरा येतो. मग स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करायचं, की ती आणि ती एकच आहे. भाच्याच्या बाबतीत तर तिकडच्या कारकुनानं मधलं नाव म्हणजे 'कुमार'सारखं काहीतरी असावं असं धरलं. हॉस्टेलच्या यादीत तो वडिलांच्या नावानं लागला. तीन वर्षं आख्ख्या मजल्यानं त्याला "सुरेश भाई" म्हणून हाक मारली. सुरेश हे माझे मेहुणे.

मग शाळा सोडल्याचा दाखला. आपण त्याला एलसी म्हणतो, तिकडे टीसी म्हणतात. कागद तोच, पण खिडकीतल्या माणसाला अक्षर बदललेलं चालत नाही. मायग्रेशन सर्टिफिकेट वेगळं. ते बोर्डाकडून आणायचं. त्याशिवाय तुमचं पोर स्थलांतरित झालंय यावर कोणाचा विश्वास बसत नाही, मग ते समोर ट्रंकेवर बसलेलं का असेना.

जातीच्या दाखल्याची तऱ्हा आणखी न्यारी. नॉन-क्रिमिलेअर 'केंद्राच्या नमुन्यात' लागतं. आमच्या तालुक्याच्या कचेरीत ताईनं हे सांगितल्यावर खिडकीतून उत्तर आलं, "इथं राज्याचं मिळतं, केंद्राचं केंद्रात जाऊन घ्या." दोन फेऱ्या, एक ओळखीचा माणूस आणि एक छापील नमुना दाखवल्यावर तो कागद तिथंच, त्याच टेबलावर, त्याच शिक्क्यानं निघाला. मराठा समाजातल्या मुलांना राज्यानं 2024 मध्ये एसईबीसी, म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिक मागास, या नावाखाली 10 टक्के आरक्षण दिलं. केंद्राच्या विद्यापीठाला ती अक्षरंच ठाऊक नाहीत, तिथं ईडब्ल्यूएसमध्ये, म्हणजे आर्थिक दुर्बलांत, बसता येतं का ते बघायचं. भटक्या जमातीतला मुलगा केंद्रात ओबीसी होतो, यादीत जात सापडली तर. आणि एखाद्या राज्याच्या स्वतःच्या विद्यापीठात गेलात, तर इथला राखीव प्रवर्ग तिथं बहुधा खुला होऊन बसतो. जात जन्मानं मिळते आणि मेल्यावरच जाते, असं आपण ऐकत आलो. ती राज्याच्या सीमेवरच्या टोलनाक्यावरही जाते, फक्त सवलतीपुरती.

विषयाचं काय, असं कोणी विचारेल.

विचारत नाही. मी उगाच घाबरलो होतो.

दिल्लीच्या प्रवेशात कॉलेज आणि विषय यांच्या जोड्या पसंतीक्रमानं भरायच्या असतात. नवखे पालक इथं आवडीचा विषय वर टाकतात. तसं करू नका. ज्या कॉलेजचं नाव ऐकून गेटवरचा माणूस क्षणभर गप्प होईल, त्या कॉलेजातले सगळे विषय आधी टाका. संस्कृत, पर्शियन, काय असेल ते. नंतर त्याच्या खालोखालचं कॉलेज. भाचीला अर्थशास्त्र हवं होतं. आम्ही रात्री दीडपर्यंत जागून बत्तीस जोड्या भरल्या, आणि तिला तत्त्वज्ञान मिळालं. ताई आता सांगते, "तिला लहानपणापासूनच ओढा होता." लहानपणी ती फक्त "का?" विचारायची आणि ताई धपाटा घालायची, एवढं मला आठवतं.

(भाची आता खरंच वाचते. सुट्टीत आली की माझ्या वाक्यांतली गृहीतकं काढून दाखवते. हा अपघात आहे. त्यावर भिस्त ठेवू नये.)

राहण्याचं थोडक्यात. केंद्रीय विद्यापीठ म्हटलं की हॉस्टेल असणारच असं समजू नका. दिल्लीतल्या कितीतरी कॉलेजांना ते नाही, किंवा आहे पण मूठभर मुलांसाठी. मग विजयनगर, कमलानगर, हडसन लेन इथं पीजी शोधायचं. वर्षाची फी जेवढी, तेवढे पैसे पीजीवाली आंटी एक-दोन महिन्यांत घेते. पण तुम्ही सांगताना फीच सांगा. घरी आलेल्या पाहुण्यांना पीजीचा आकडा सांगणारा बाप मी अजून पाहिलेला नाही.

भाषेची काळजी नसावी. मराठी मुलाला हिंदी येतंच, असा आपला समज असतो. दिल्लीत "मेरेको नही मंगता" म्हटल्यावर खोलीत जी शांतता पसरते, तिथून खरी हिंदी सुरू होते. हैदराबादला तेवढा त्रास नाही, तिथं "नक्को" म्हणतात, हे पोरांना फार जवळचं वाटतं. जेवणाचं म्हणाल, तर पहिल्या महिन्यात राजमा आवडतो. दुसऱ्या महिन्यात मुलगा फोनवर आईला वरण कसं करतात ते विचारतो. ज्या पोरानं अठरा वर्षं "परत वरण?" म्हणून तोंड फिरवलं, त्याच्याकडून हे ऐकताना ताईच्या चेहऱ्यावर आलेलं तेज कुठल्याही क्रमवारीत मोजता येणार नाही. मेतकूट मात्र काचेच्या बरणीत पाठवू नका.

राहता राहिली गाडी. आताच्या नियमानं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे वर्ग सुरू झाले की लगेच दिवाळीच्या तिकिटाला बसायचं. घाबरू नका, येतानाचं मिळतं. पुण्याहून वाराणसीकडे जाणाऱ्या गाडीचं नाव ज्ञानगंगा एक्स्प्रेस. दिवाळीआधी ती तिकडे जाताना तुडुंब असते आणि तिकडून येताना त्या मानानं मोकळी, कारण सगळा मुलूख सणाला घरी निघालेला आणि आपलाच एक उलट येत असतो. खरी परीक्षा भाऊबीज झाल्यावर. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठपूजा. त्याच दिवसांत तुमच्या मुलानं लाडवांचा डबा, चकल्या आणि नवं स्वेटर घेऊन परत जायचं असतं.

गेल्या वर्षी भाचा असाच निघाला. वेटिंग काही सरकलं नाही. दौंड, मनमाड, भुसावळ त्यानं संडासाजवळ उभ्यानं काढलं. खांडव्याच्या पुढे एका गृहस्थांनी सरकून त्याला टेकायला जागा दिली. त्यानं डबा उघडला. त्यांनी विचारलं, कुठं? हा म्हणाला, बनारस, पढ़ने. ते गृहस्थ बेसनाचा लाडू हातात धरून जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अच्छा? हमारा छोटा भाई तो पढ़ने पुणे आया है."

हे सांगायला त्यानं दुसऱ्या दिवशी मला फोन केला, तेव्हा मी नेमका गेटवर उभा होतो. चारजण जवळ होते, म्हणून स्पीकर लावला. "मामा, बनारसला पोचलो" इथपर्यंत सगळ्यांनी ऐकलं. पुढचं तो सांगू लागला, तसा मी आवाज बंद करून फोन कानाला लावला.