फ्लॅट विकायचाय? आधी कपाटातली फाईल काढा

आमच्या सोसायटीच्या कमिटीत मी बरीच वर्षं आहे, त्यातली बरीचशी सेक्रेटरी म्हणून. कोथरूड, नव्वदच्या दशकातली बिल्डिंग, निम्म्या घरांत फक्त आई-वडील आणि मुलं बंगळुरात नाहीतर न्यू जर्सीत. त्यामुळे सारखं कुणी ना कुणी फ्लॅट विकायला काढतं आणि ना-हरकत पत्रासाठी माझ्या दारात येतं. हे सगळं बघून माझं मत पक्कं झालंय. विकणारा भावाचा विचार वर्षभर करतो आणि कागदांचा विचार गिऱ्हाईक मिळाल्यावर. मग वर्षभर विचार करून ठरवलेला भाव त्या कागदांपायीच पडतो.

म्हणजे होतं काय, बैठक होते, पेढे वाटले जातात, टोकन घेतलं जातं. मग घेणाऱ्याच्या बँकेचा वकील फाईल मागतो आणि त्यात एक कागद नसतो. घेणारा गोड बोलून सांगतो, "काका, आम्ही थांबतो, पण आमचं भाडं चालू आहे, चार-पाच लाखांचं बघा काहीतरी." काकांनी तोवर बाणेरच्या नव्या फ्लॅटचं बुकिंग केलेलं असतं. काका बघतात काहीतरी!

सगळ्यात जास्त घरं अडतात ती मालक कोण या साध्या प्रश्नावर. बाबा गेले, आई नॉमिनी होती, सोसायटीने आईचं नाव लावून घेतलं, म्हणून घर आईचं झालं, असं दहातले नऊ जण धरून चालतात. तसं होत नाही. नॉमिनी हा वारसांच्या वतीने सांभाळणारा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर सहकार कायद्यातच लिहिलंय की वारस ठरेपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने बाबांच्या हिश्शात आई, मुलगे, मुली, आणि आजी हयात असेल तर आजीसुद्धा, सगळे सारखे. म्हणजे एक तर सगळ्यांच्या सह्या, नाहीतर नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र. तंटा असेल किंवा बँक अडूनच बसली तर कोर्टातून वारस दाखला, जो आपल्याकडे आजही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतो आणि ज्याला कोर्टाच्या गतीने वेळ लागतो.

इथे एक सांगतो, राग मानू नका. बहीण सही करायला बहुतेक वेळा तयार असते. राखीला येते, दिवाळीला येते, तेव्हा हा विषय निघत नाही. आणि रजिस्ट्रेशनच्या आदल्या रात्री फोन जातो, "ताई, उद्या अकरा वाजता हवेलीच्या ऑफिसात ये, आधार घेऊन ये." ताईच्या जागी मी असतो तरी आलो नसतो. तिला वाटा द्यायचा की नाही, किती द्यायचा, हे तुमच्या घरात बसून ठरवा. पण जाहिरात टाकण्याआधी ठरवा.

भाऊ-बहीण परदेशात असतील तर अजून आधी. तिथून मुखत्यारपत्र यायचं म्हणजे तिथे नोटरी किंवा वकिलातीत सही, मग भारतात आल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायचा. शिवाय टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा आयकर. इथे राहणाऱ्याचं घर पन्नास लाख किंवा त्याहून जास्तीला विकलं तर घेणारा एक टक्का कापतो. विकणारा अनिवासी असेल तर गोष्ट वेगळी, त्याच्या हिश्शावर भांडवली नफ्याच्या दराने कापणी होते, आणि तीही नफ्यावर न होता सहसा पूर्ण रकमेवर होते. आयकर खात्याकडून कमी दराने कापण्याचं प्रमाणपत्र आधी आणलं तर पैसे अडकत नाहीत. हे घेणाऱ्याच्या सीएने सांगेपर्यंत बहुतेकांच्या गावी नसतं.

आता खास पुणेरी घोळ. तुमची बिल्डिंग सोसायटी आहे की अपार्टमेंट? हसू नका, तीस वर्षं राहिलेल्यांनाही सांगता येत नाही. सोसायटी असेल तर शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सभासद असल्याचा सोसायटीचा दाखला, असतं. १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालची असेल तर शेअर सर्टिफिकेट नसतंच, तिथे प्रत्येकाचं डीड ऑफ अपार्टमेंट, म्हणजे फ्लॅट तुमच्या नावावर करून देणारा दस्त, नोंदवलेलं लागतं. आणि अनेकांनी ते बिल्डरकडून करूनच घेतलेलं नसतं, कारण तेव्हा घरात राहायला मिळालं होतं ना! आता बिल्डर वारला, त्याचे भागीदार भांडतायत, आणि तुम्हाला पुढच्या महिन्यात पैसे हवेत.

तिसऱ्या-चौथ्या हातातला फ्लॅट असेल तर मागची चेन पूर्ण लागते. बिल्डरपासून तुमच्यापर्यंतचा प्रत्येक करारनामा, इंडेक्स टू (नोंदणी ऑफिसचा व्यवहाराचा उतारा), नोंदणीची पावती. मूळ करारनामा हरवला असेल तर पोलिसांत तक्रार, पेपरात जाहीर नोटीस, दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित प्रत. हे काम अवघड अजिबात नाही, फक्त वेळ खातं. तुमच्याकडे वेळ असताना करा, घेणाऱ्याच्या वेळेत करू नका. कर्ज फेडलेलं असेल तर बँकेकडून मूळ कागद परत आणलेत का हेही बघा. काहींचे अजून तिकडेच पडून असतात.

पार्किंगबद्दल फेकू नका. "फ्लॅटबरोबर कव्हर्ड पार्किंग, बिल्डरकडून विकत घेतलेलं" असं जाहिरातीत छापलं की मला पुढची भांडणं दिसायला लागतात. स्टिल्ट पार्किंग, म्हणजे बिल्डिंगखालच्या खांबांमधली जागा, बिल्डरला स्वतंत्रपणे विकताच येत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय. सोसायटीने तुम्हाला काय दिलंय त्याचा कागद दाखवा. तसंच बंद केलेल्या बाल्कनीचं. तुम्ही तिला बेडरूम म्हणता, बँकेचा व्हॅल्युअर मंजूर नकाशा बघतो आणि कर्ज त्या हिशोबाने देतो. मग फरक कोण भरणार यावर पुन्हा घासाघीस.

भावाचं म्हणाल तर लिफ्टमध्ये ऐकलेल्या आकड्यावर जाऊ नका. "वरच्यांचा सव्वा कोटीला गेला" हे सांगणारा सहसा स्वतःचाही विकायच्या विचारात असतो. नोंदणी विभागाच्या साइटवर फुकट सर्च आहे, आपल्याच बिल्डिंगमधले नोंदवलेले व्यवहार तिथे दिसतात. आणि पितृपंधरवड्यात फोन येत नाहीत म्हणून घाबरून भाव उतरवणारे लोक मी पाहिलेत. अहो, त्या पंधरा दिवसांत कुणीच टोकन देत नाही. घटस्थापनेपर्यंत दम धरा.

"थोडे रोख" या विषयावर मी कुणाचंच ऐकून घेत नाही. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतले तर तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो, आणि तो बसतो घेणाऱ्या हाताला, म्हणजे विकणाऱ्याला. करारातली किंमत रेडी रेकनरपेक्षा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दरापेक्षा, दहा टक्क्यांहून जास्त खाली दाखवलीत तर आयकर खातं रेडी रेकनरचीच किंमत धरून तुमचा नफा काढतं. स्टॅम्प ड्युटी वाचते गिऱ्हाइकाची, मान अडकते तुमची.

कराचा हिशोब टोकन घेण्याआधी करा. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं घर इथे राहणाऱ्याने विकलं तर दोन वाटा आहेत, इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे खरेदीची किंमत महागाईनुसार न वाढवता) साडेबारा टक्के किंवा इंडेक्सेशनसह वीस टक्के. वीस टक्क्यांची जुनीच पद्धत फायद्याची असं सगळे ठोकून देतात. समजा फ्लॅट २००१ च्या आधीचा, खरेदीची किंमत म्हणून १ एप्रिल २००१ ची किंमत ८ लाख धरली आणि २०२५-२६ मध्ये ९० लाखांना विकला. साडेबारा टक्क्यांनी कर होतो सव्वादहा लाख, वीस टक्क्यांनी जवळपास बारा. तीच किंमत १४ लाख निघाली तर उलटं, साडेनऊ विरुद्ध साडेसात (सेस वगैरे वेगळा). म्हणजे २००१ च्या किमतीचा व्हॅल्युएशन रिपोर्ट हाच मोठा कागद, आणि तो मनाला येईल तेवढा फुगवता येत नाही, त्या तारखेचा सरकारी दर ही मर्यादा. नवं घर दोन वर्षांत घेणार असाल तर सूट आहे, पण रिटर्नच्या मुदतीपर्यंत पैसे वापरले गेले नाहीत तर ते बँकेतल्या कॅपिटल गेन्स खात्यात, म्हणजे अशा पैशांसाठीच्या खास खात्यात, टाकावे लागतात. साध्या बचत खात्यात ठेवून "आहेत की पैसे" म्हणून चालत नाही.

टोकन एक्कावन्न हजारांचं असो की पाच लाखांचं, विसारपावती, म्हणजे टोकनच्या अटींचा कागद, लिहून घ्या. शेवटची तारीख, कर्ज नामंजूर झालं तर काय, मोडलं तर किती परत. हे न लिहिल्यामुळे एक गिऱ्हाईक तुमचा फ्लॅट फुकटात अडवून दुसरीकडे स्वस्त घर शोधत फिरतं. आणि किल्ली! "अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत करायचीय, पूजेपुरती द्या." पूजेनंतर सामान येतं, मग माणसं येतात, आणि उरलेल्या पैशांची तारीख पुढे पुढे जाते. पूर्ण रक्कम खात्यात दिसेपर्यंत किल्ली देऊ नका. त्यांनाच गरज असेल तर गुरुजी दुसरा मुहूर्त काढून देतात.

शेवटी आमच्याच जातभाईंबद्दल, म्हणजे सेक्रेटऱ्यांबद्दल. महापालिका हद्दीत सोसायटीला हस्तांतरणाचा प्रीमियम जास्तीत जास्त पंचवीस हजार घेता येतो आणि घरातल्या घरात हस्तांतरण असेल तर तोही नाही. "बिल्डिंगच्या रंगासाठी लाखभर ऐच्छिक देणगी" मागणारा सेक्रेटरी भेटला तर त्याच्याकडून ती मागणी लेखी मागा. पंधरा दिवसांची विक्रीची नोटीस मात्र वेळेत द्या आणि मेंटेनन्सची थकबाकी आधी भरा. रविवारी दुपारी दीड वाजता बेल वाजवून "सोमवारी सकाळी ना-हरकत पत्र पाहिजे" म्हणालात तर मी जेवून झाल्यावर उघडेन.