‘इस्रोची भाटगिरी’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा पेन घेऊन बसलो आणि तुमच्या चार मुद्द्यांपैकी अडीच बरोबर निघाले. त्यामुळे ‘धन्यवाद, मतांचा आदर आहे’ एवढ्यावर हे उरकता येत नाही.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात: इस्रोवरच्या मागच्या लेखात मी ‘ॲपल’ हा भारताचा सुरुवातीचा दळणवळण उपग्रह बैलगाडीवर ठेवल्याचा तो प्रसिद्ध फोटो टाकला होता आणि खाली ‘गरिबीतून उभं राहिलेलं स्वप्न’ असं लिहिलं होतं. त्यावर यांचं म्हणणं असं, की बैलगाडी गरिबीमुळे नव्हतीच, मासळी कुठे मिळेल याचा मच्छीमारांना सल्ला इस्रो देत नाही, ‘नाविक’ची, म्हणजे जीपीएससारख्या आपल्या देशी यंत्रणेची, वाट लागली आहे ते मी एका ओळीत गुंडाळलं, आणि चंद्रावर उधळलेल्या पैशांबद्दल मी तोंडात मिठाची गुळणी धरली.

बैलगाडीचं पूर्ण मान्य. ॲपलच्या अँटेनाची चाचणी उघड्यावर घ्यायची होती. खाली मोटारीचा पत्रा असता तर त्यावरून लहरी परावर्तित होऊन मोजमाप बिघडलं असतं. लाकडी गाडीत ती भानगड नाही. म्हणजे तो फोटो परिस्थितीचा नसून अक्कलहुशारीचा आहे. पुढे १९ जून १९८१ ला युरोपच्या एरियान रॉकेटच्या तिसऱ्या चाचणी उड्डाणात हा उपग्रह गेला, त्याचं एक सौर पंख उघडलंच नाही, तरी दोन वर्षांहून जास्त काळ तो चालवला. लिहिण्यासारखं हे होतं. मी मात्र फोटो बघून गळा दाटून घेतला. तीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलेल्या तुमच्यासारख्या माणसाला ते खटकणारच.

आता मासे. सल्ला देते हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही समुद्राची माहिती पुरवणारी संस्था, ती पृथ्वी विज्ञान मंत्रालयाखाली येते. हेही खरं. पण ‘इस्रोचा संबंध काय’ हे तुमचं पुढचं वाक्य मला पटत नाही. पाण्यात वनस्पतीप्लवक, म्हणजे तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, वाढले की पाण्याचा रंग हिरवट होतो. प्लवकांमागे छोटे मासे, त्यांच्यामागे मोठे. तो रंग वरून मोजतो इस्रोचा उपग्रह ओशनसॅट. जिथे गार आणि कोमट पाण्याची सीमा आहे तिथे असा हिरवा पट्टा दिसला, की त्या बाजूला मासळी मिळण्याचा संभव जास्त. पाण्याच्या तापमानासाठी आपण वर्षानुवर्षं अमेरिकेच्या ‘नोआ’ उपग्रहांचा आधार घेतला, हे मात्र मी लेखात लिहायला हवं होतं. राहिलं.

‘छोट्या मच्छीमाराला याचा काही उपयोग नाही’ असं तुम्ही ठामपणे लिहिलंत. मी हर्णैला एका तांडेलाशी, म्हणजे होडीच्या म्होरक्याशी, बोललो होतो. संध्याकाळची वेळ, होड्या लागलेल्या, मासळी आणायला बैलगाड्या कमरेएवढ्या पाण्यात शिरलेल्या. त्याने मोबाईलवर आलेला सल्ला दाखवला: बंदराचं नाव, दिशा, अंतर किलोमीटरमध्ये, खोली मीटरमध्ये. मीटरचे वाव (कोळ्यांचं खोलीचं माप) तो मनातल्या मनात करत होता. उपयोग होतो का विचारलं, तर म्हणाला, ‘बांगड्याला होतो. पण मेसेज कालचा नि मासा आजचा. आणि आभाळ भरलं की मेसेजच नाय.’ ढगाआडून समुद्राचा रंग दिसत नाही, हे शास्त्र त्याने एका वाक्यात सांगून टाकलं. सल्ला आला तर तो डिझेलचा हिशेब करून जातो, नाही आला तर बापाने शिकवलेल्या खुणांवर जातो. यात उपग्रहाचा जयजयकार नाही, पण ‘काही उपयोग नाही’ असंही नाही. रेंज संपल्यावर मेसेज कसा मिळणार, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. त्यासाठी उपग्रहामार्फत दोन्ही बाजूंनी मजकूर पाठवणारी यंत्रं एक लाख होड्यांवर बसवायची योजना आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला तिचा समारंभ झाला.

चंद्राच्या पैशांवर फार शाई घालवत नाही. चांद्रयान-३ चा खर्च साधारण ६१५ कोटी. २०२५-२६ मध्ये अंतराळ विभागाची तरतूद साधारण १३,४०० कोटी, केंद्राचं अंदाजपत्रक ५० लाख कोटींच्या वर. शंभर रुपयांत सव्वीस-सत्तावीस पैसे. ते वाचवून गावोगावी शाळा उभ्या राहतील हे गणित मला जमत नाही.

इस्रोला धारेवर धरायचंच तर माझ्याकडे तुमच्यापेक्षा चांगलं कारण आहे. ओशनसॅट-२ सप्टेंबर २००९ मध्ये गेला, पाच वर्षांच्या हिशेबाने. त्यावर समुद्रावरच्या वाऱ्याचा वेग आणि दिशा मोजणारं उपकरण होतं. वादळ अजून किनाऱ्यापासून लांब असताना त्याचा अंदाज घ्यायला लागतं ते. फेब्रुवारी २०१४ मध्ये ते बंद पडलं. त्याची जागा घेणारा स्कॅटसॅट-१ गेला सप्टेंबर २०१६ मध्ये. अडीच वर्षं आपलं स्वतःचं ते माप नव्हतं. आणि ओशनसॅट-३ यायला नोव्हेंबर २०२२ उजाडलं. या अडीच वर्षांवर कोणत्या चॅनलने चर्चा घेतल्याचं मला आठवत नाही. चंद्रावर यान आपटलं तर देश रडतो, पण कामाच्या उपग्रहाची बदली वेळेवर आली नाही तर कुणाला पत्ताही लागत नाही.

नाविकचं दुखणं नेमकं हेच, आणि तिथे मी खरंच पळ काढला होता. उपग्रहाचा संदेश पोचायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतात. उपग्रहावरचं घड्याळ एक मायक्रोसेकंद (सेकंदाचा दहा लाखावा भाग) चुकलं, तर अंतरात ३०० मीटरची चूक होते. म्हणून प्रत्येक उपग्रहात तीन-तीन रुबिडियम घड्याळं (अतिशय अचूक अणुघड्याळं) होती, स्वित्झर्लंडहून आणलेली. २०१३ मध्ये सोडलेल्या पहिल्याच उपग्रहाची तिन्ही बंद पडली. त्याच्या जागी ऑगस्ट २०१७ मध्ये दुसरा पाठवला, तर रॉकेटचं उष्णतारोधक कवच उघडलंच नाही. उपग्रह डबीतला डबीतच राहिला. मग अहमदाबादला देशी घड्याळ तयार झालं, ते घेऊन मे २०२३ मध्ये एनव्हीएस-०१ गेला आणि वाटलं की आता गाडी रुळावर आली. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हीएस-०२, श्रीहरिकोट्याहून शंभरावं उड्डाण. रॉकेटने काम चोख केलं, पण उपग्रहाच्या इंजिनाला ऑक्सिडायझर (इंधन जाळायला लागणारं द्रव्य) पुरवणारी झडप उघडेना. ठरलेली कक्षा गाठलीच नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये सरकारने लोकसभेत सांगितलं, की अकरापैकी चार उपग्रह स्थान सांगण्याच्या कामाचे आहेत. स्थान काढायला किमान चारच लागतात. म्हणजे स्टेपनी नसलेली गाडी.

पण यावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष, ‘जीपीएस फुकट मिळतंय, नाविक गुंडाळा’, मला मान्य नाही. फुकट मिळतंय तोवर जीपीएस वापरूच, माझ्या फोनमध्येही तेच आहे. ते कधी आणि कुणासाठी चालू ठेवायचं हे मात्र दुसऱ्याच्या हातात. सैन्याचं काम त्यावर सोडता येत नाही. देशी घड्याळ जमलंय, आता भराभर उपग्रह सोडायला हवेत, आणि तिथेच इस्रोचा वेग कमी पडतो. यावर तुमचं-माझं भांडण नसावं.

मूळ लेखात फोटो ठेवला आहे, खालची ओळ बदलली आहे, इन्कॉइसचं नाव घातलं आहे. नाविकवर वेगळा लेख लिहायला घेतलाय. त्यात रुबिडियम घड्याळ मुळात कसं चालतं ते सांगायचं आहे आणि माझा मसुदा मलाच समजत नाहीये. तुम्ही वर्गात कसं शिकवायचात ते कळवलंत तर काम होईल.