फौजीचं मत नेमकं कुठे अडतं? – एका प्रतिक्रियेला उत्तर

जवानांच्या टपाली मतदानावरच्या माझ्या लेखावर चिपळूणहून पाठवलेल्या प्रतिक्रियेत तुम्ही लिहिलंय : "लेख वाचून वाटतं सगळं सुरळीत आहे. माझा भाऊ लडाखला असतो. विधानसभेला त्याने मत दिलं, पण पाकीट मोजणीआधी पोचलंच नाही. मोबाईलवर मतदान द्या, नाहीतर हे कागदी सोपस्कार बंद करा."

तुमचा राग रास्त आहे. लेखात मतपत्रिका जवानापर्यंत कशी जाते एवढंच सांगितलं, परत कशी येते ते राहून गेलं. खरी अडचण तिथेच आहे.

२०१६ पासून कोरी मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जाते. ओटीपी आणि पिन टाकून ती उतरवायची नि छापायची. परतीचा प्रवास मात्र टपालानेच होतो आणि पाकीट मोजणी सुरू होण्याआधी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातात पडावं लागतं. २०२४ च्या विधानसभेला अर्ज माघारीची मुदत ४ नोव्हेंबरला संपली नि मोजणी २३ ला सकाळी ८ वाजता लागली. माघारीनंतरच उमेदवार पक्के होतात नि मतपत्रिका निघते, म्हणजे हातात १९ दिवस. लोकसभेला रत्नागिरी-सिंधुदुर्गात हेच अंतर २२ एप्रिल ते ४ जून, म्हणजे ४३ दिवस होतं. चौकी तीच, टपालही तेच, पण वेळ निम्म्याहून कमी. माझ्या मते विधानसभेच्या वेळापत्रकात माघार आणि मोजणी यांच्यात किमान महिना हवा. मोबाईलवरच्या मताला माझा विरोध आहे, कारण मत कुणाच्या नजरेखाली दिलं गेलं हे तिथे कळायला मार्ग नाही.

पोचलेलं पाकीटही बाद होतं, हेही सांगायला हवं. मतपत्रिका १३-बी या छोट्या पाकिटात घालून ते बंद करायचं. सही करून अधिकाऱ्याकडून साक्षांकित केलेलं १३-ए हे घोषणापत्र त्याच्या बाहेर ठेवायचं, मग दोन्ही १३-सी या मोठ्या पाकिटात. घाईत घोषणापत्र मतपत्रिकेसोबत आत जातं. मोजणीच्या टेबलावर मोठं पाकीट उघडल्यावर घोषणापत्र दिसलं नाही, की छोटं पाकीट उघडतच नाहीत. साक्षांकन राहिलं किंवा घोषणापत्रावरचा आणि पाकिटावरचा क्रमांक जुळला नाही, तरी तेच.

तुमच्या भावासारख्यांनी म्हणूनच प्रतिनिधीमार्फत मतदान निवडावं, म्हणजे जवानाने नेमलेला माणूस गावच्या केंद्रावर त्याच्या वतीने मत देतो. ही सोय २००३ पासून सैन्यदलांना आहे आणि आपल्याकडे ती फार कमी घरांना ठाऊक आहे. त्यासाठी फॉर्म १३-एफ भरायचा. एरवी जवान कमांडिंग ऑफिसरसमोर सही करून तो घरी पाठवतो आणि प्रतिनिधी नोटरी किंवा प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्यासमोर सही करतो. जवान गावी असेल तर दोघांनी एकत्र जाऊन नोटरीसमोर सह्या केल्या तरी चालतं. तेव्हा गणपतीला रजेवर आला की हे उरकून टाका. मग प्रतिनिधीने तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्यायचा. उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या दिवसानंतर दिला तर त्या निवडणुकीला उपयोग नाही. एकदा नेमणूक झाली की पुढच्या निवडणुकांनाही चालते. रद्द करायची तर १३-जी. प्रतिनिधी १८ वर्षं पूर्ण झालेला, मतदार व्हायला अपात्र नसलेला आणि त्याच मतदारसंघात राहणारा हवा. गावी राहणारी बायकोसुद्धा चालते : तिच्या स्वतःच्या मताची शाई डाव्या तर्जनीला, नवऱ्याच्या मताची डाव्या मधल्या बोटाला. मात्र प्रतिनिधी नेमला की टपाली मतपत्रिका येत नाही, हे भावाला आधीच सांगा.

बायकोच्या नावाचा घोळही घरोघरी आहे. ती नवऱ्यासोबत क्वार्टरमध्ये राहत असेल तरच त्याच्या नोंदणीच्या फॉर्म २ मधून तीही सेवा मतदार (सैन्यदलातल्यांसाठीच्या वेगळ्या यादीतला मतदार) होते. २०२१ च्या दुरुस्तीने 'पत्नी'ऐवजी 'पती-पत्नी' असा शब्द आला, त्यामुळे महिला अधिकाऱ्याच्या नवऱ्यालाही हाच नियम. सासरी राहणारीने साध्या फॉर्म ६ ने गावच्या यादीत यायचं. अठरा पूर्ण झालेल्या मुलांना ही सवलत नाहीच; त्यांनी राहत्या ठिकाणी नाव घालावं. दोन्हीकडे नाव ठेवू नका, ते कायद्याने चालत नाही.

तुम्ही शेवटी बोटीवरच्या मुलांचं विचारलंत. मर्चंट नेव्हीतल्यांना टपाली मत नाही, प्रतिनिधीही नाही. दाभोळपासून मालवणपर्यंत बोटीवर जाणारी घरं आहेत आणि त्यांचं मत दर निवडणुकीला वाया जातं. हा अन्याय आहे. त्यांच्यासाठी कायदाच बदलावा लागेल, आणि ती मागणी तुमच्या-माझ्यासारख्यांनी आमदार-खासदारांकडे लेखी करायला हवी.