बत्ता

पिस्तुलाच्या नव्या साइटच्या पाकिटामागे मुंगीच्या अक्षरांत एक ओळ होती : बसवताना किंचित घासावं लागेल. ‘किंचित’ या शब्दावर मी आता जन्मात विश्वास ठेवणार नाही.

आम्ही टेक्ससमध्ये राहतो. ऑफिसातल्या मित्रांच्या नादाने मी नेमबाजीच्या रेंजवर जाऊ लागलो आणि यथावकाश एक पिस्तूल घरात आलं. त्याची मागची साइट बदलायची, म्हणजे नेम धरताना ज्या खाचेतून पुढची माशी (नळीच्या टोकावरचा उंचवटा) बघतात तो लोखंडाचा तुकडा काढून नवा घालायचा, एवढंच काम. बंदुका दुरुस्त करणारा गनस्मिथ वीस मिनिटांत करून देतो. पण पैसे देऊनच करून घ्यायचं, तर मी मेकॅनिकल इंजिनिअर झालो कशाला? (पंधरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, हा मुद्दा बायकोने लगेच काढला.)

मॅगझीन काढलं, चेंबरमध्ये गोळी नाही ना हे दोनदा बघितलं, गोळ्या वरच्या खोलीत ठेवल्या आणि नुसती स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, फडक्यात गुंडाळून व्हाइसच्या जबड्यात धरली. साइट जिथे बसते ती आडवी खाच तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद असते. बाजूने ठोकूनच सरकवायची. शेजारचे निवृत्त आजोबा सांगून गेले होते, “काढताना डावीकडून उजवीकडे, घालताना उजवीकडून डावीकडे.” जुनी निघाली. नवी एक मिलिमीटर आत गेली आणि रुसून बसली. नायलॉनचा पंच (ठोकायचा दांडा) लावून ठोकलं, तर तिसऱ्या घावाला पंचालाच टोकाशी छत्री फुटली.

मग इंजिनिअर जागा झाला. थंडीने धातू आकसतो, तेव्हा साइट फ्रीजरमध्ये टाकली, ओल्या खोबऱ्याच्या डब्याशेजारी. स्लाइड तापलेल्या गॅरेजात. रात्री हिशेब केला : दहा मिलिमीटरचं पोलाद, तापमानातला फरक पंचावन्न अंश, आकसणार सहा-सात मायक्रॉन. केसाच्या जाडीचा जेमतेम दहावा हिस्सा! आणि फ्रीजरपासून गॅरेजपर्यंत चालत जाईतो तेवढंही परत फुगणार.

शेवटी घासण्यालाच शरण गेलो. यातला पहिला नियम असा, की स्लाइडला कानस लावायची नाही, साइटचा तळ घासायचा. स्लाइड महाग, साइट स्वस्त. मी बायकोला समजावलं, “जुन्या घराला धक्का लावायचा नाही, नव्याने येणाऱ्याने घासून घ्यायचं.”

ती म्हणाली, “माहीत आहे. सतरा वर्षं झाली.”

काचेवर पॉलिश पेपर पसरला, साइटच्या तळाला मार्करची शाई फासली. खाचेत सरकवायची, जिथे शाई पुसली जाते तिथे अडतंय असं समजायचं, दोन हात मारायचे, पुन्हा शाई. बोटाने ढकलून एक तृतीयांश आत गेली की थांबायचं. जास्त घासली तर सैल होऊन पहिल्या दहा गोळ्यांतच उडेल. दोन हात, शाई. दोन हात, शाई. सलग तीन संध्याकाळी. साबुदाणा भिजला का हे बघायला बायको जसा एकेक दाणा चेपते, तसा मी दर वेळी बोटाने चेपून बघत होतो.

गेली एकदाची एक तृतीयांश! पण पुढे ठोकायला पितळ हवं. पितळ पोलादापेक्षा मऊ, स्लाइडवर चरा उठत नाही. रात्री साडेदहाला दुकानं बंद. घरात पितळ काय? पुण्याच्या तांबट आळीतून सासूबाईंनी आणून दिलेला खलबत्ता. बत्त्याचं टोक साइटच्या कडेला टेकवलं, दुसऱ्या टोकावर हातोडी. ठण्ण! साइट सरसर निघाली, मध्यभाग ओलांडून पलीकडच्या काठाला जाऊन थांबली. उलट बाजूने पुन्हा ठण्ण. काळ्या साइटवर पितळेचे पिवळे पट्टे उमटले, तरी मधोमध बसली.

रेंजवर दहा यार्डांवरून सगळ्या गोळ्या तीन इंच डावीकडे. मागची साइट, गोळी जिकडे न्यायची तिकडेच सरकवायची असते. हिशेब केला : दहा यार्डांवर तीन इंचांची चूक, दोन्ही साइट्समध्ये सहा इंचांचं अंतर, म्हणजे मागची साइट सव्वा मिलिमीटर उजवीकडे. ‘मधोमध’ मी डोळ्यांनी मोजलं होतं. व्हर्नियर खणात पडून होता. पुन्हा बत्ता.

वेलची कुटायला बसल्यावर बायकोने बत्ता उलटा करून बघितला. तळाशी साइटच्या कोपऱ्याचा चौकोनी खड्डा. मी म्हणालो, “पहिल्यापासूनच आहे तो.” ती काही बोलली नाही.

दसऱ्याला मी पाटावर पिस्तूल मांडलं. तिने शेजारी बत्ता आणून ठेवला आणि हळदकुंकू आधी बत्त्याला वाहिलं.