ॲम्पची खरखर फ्यूजमुळे येत नाही

"गाडीत बाहेरून ॲम्प बसवल्यावर रेडिओ खरखरतो? हे चार उपाय करा" असा मेसेज आमच्याकडच्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. बॅटरीजवळचा फ्यूज काढून तार सरळ जोडा, ॲम्पला (म्हणजे आवाज वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरला) फॉइल गुंडाळा, ॲम्पची अर्थिंगची तार काढा आणि फेराइटच्या (तारेवरचा गोंगाट अडवणाऱ्या) रिंगांवर पैसे घालवू नका, असे ते उपाय. गुहागरला माझ्या भावोजींनी पहिला उपाय करूनही टाकला. खरखर होती तशीच राहिली, पण गाडी धोक्यात आली. म्हणून तडकून लिहितोय.

फ्यूज म्हणजे धातूची पातळ पट्टी. ती रेडिओलहरी तयार करत नाही. होल्डर सैल किंवा गंजलेला असेल तर आवाज तुटेल, मग होल्डर बदला. तो फ्यूज ॲम्पसाठी नसतोच, तारेसाठी असतो. बॅटरीपासून डिकीपर्यंत जाणारी जाड तार इंजिनमागच्या पत्र्यातल्या भोकातून जाते. तिथला रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेची रबरी कडी) फाटला आणि पत्र्याच्या धारेने इन्सुलेशन कापलं, की तांबं थेट बॉडीला टेकतं. बॅटरी त्या क्षणी शेकडो अँपिअर ओतते, तार लाल होते आणि कार्पेट पेटतं. "ॲम्पवर फ्यूज आहे ना" असं भावोजी म्हणाले. तो तारेच्या दुसऱ्या टोकाला आहे, मधे तार टेकली तर त्याला पत्ताही लागणार नाही. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा म्हणजे हवाच. ज्यांनी काढलाय त्यांनी आधी तो परत बसवा, मग पुढचं वाचा.

आता खरखर येते कुठून? आजचे बरेच ॲम्प क्लास डी जातीचे असतात. ते सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात. समजा हा वेग ३८० किलोहर्ट्झ आहे. अशा चालू-बंदीतून त्या वेगाच्या पटीतल्या लहरीही निघतात, आणि ३८० ची तिप्पट ११४०. रत्नागिरी आकाशवाणी मध्यम लहरींवर ११४३ ला. दोन्हींतला ३ किलोहर्ट्झचा फरक तुम्हाला शिट्टी म्हणून ऐकू येतो.

फॉइलने हे थांबेल? धातूच्या पेटीने लहरी अडतात हे मान्य, पण ॲम्पची पेटी बहुधा आधीच ॲल्युमिनियमची असते. गोंगाट बाहेर पडतो तारांवरून. गाडीतल्या रेडिओला गाडीतल्याच उपकरणांपासून वाचवण्यासाठी सिस्पर २५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, बोटीही त्यात येतात. त्यात १५० किलोहर्ट्झपासून पुढे मोजणी होते, आणि हवेत पसरणाऱ्या गोंगाटाबरोबर तारांवरून जाणारा गोंगाटही वेगळा मोजतात. फॉइलने ॲम्पची उष्णता मात्र कोंडेल, आणि सुटी कडा टर्मिनलला लागली तर शॉर्ट.

मेसेजने ज्याचं नावही घेतलं नाही ते आपल्या किनाऱ्यावर सगळ्यात आधी बघायला हवं: ॲन्टेनाचं बूड. ॲन्टेनाच्या केबलवर तारेची जाळी असते, तिचं अर्थिंग तिथेच बॉडीला मिळतं. खाऱ्या हवेने आणि चार महिन्यांच्या पावसाने तिथे गंज चढला, की ती जाळीच गोंगाट गोळा करू लागते. रेडिओच्या मागून ॲन्टेनाची पिन काढून बघा. खरखर गेली तर ती ॲन्टेनातून येतेय, राहिली तर पॉवरच्या किंवा ऑडिओच्या तारांतून. पहिलं असेल तर बूड उघडा, पत्रा चकचकीत घासा, घट्ट कसा आणि वरून ग्रीस लावा.

अर्थिंग काढण्याबद्दल एवढंच: मग परतीचा करंट आरसीए केबलच्या (रेडिओकडून ॲम्पकडे आवाजाचा सिग्नल नेणाऱ्या) जाळीतून डेककडे, म्हणजे गाडीतल्या रेडिओकडे जातो आणि डेक जाळतो. अर्थिंगची तार आखूड, पॉझिटिव्हइतकी जाड आणि उघड्या पत्र्यावर कसलेली हवी.

राहिल्या रिंगा. तारेवर नुसती एक रिंग अडकवून मध्यम लहरींवर फारसा फरक पडत नाही, इथे मेसेज निम्मा बरोबर आहे. पण तीच तार रिंगेतून तीनदा फिरवली तर अडथळा वेढ्यांच्या वर्गाने, म्हणजे साधारण नऊपट वाढतो. मोठ्या भोकाची, मध्यम लहरींना चालणारी रिंग मागून घ्या. ॲम्पजवळ पॉझिटिव्ह आणि अर्थ दोन्ही तारा एकत्र तिच्यातून काढा, एकटी पॉझिटिव्ह नको. ॲन्टेनाची केबल बारीक असते, तिचे चार-पाच वेढे रेडिओच्या मागे सहज बसतात.